हसू सोसणारी सत्ता

राज्यकर्त्यांची पारख त्यांच्या स्तुतिपाठकांवरून होत नाही. त्यांना हसणाऱ्या माणसाला ते कसे वागवतात, यावरून ती होते. या कसोटीचे एक ठळक उदाहरण ब्रिटनच्या दूरचित्रवाणीने साठ वर्षांपूर्वी जगापुढे ठेवले. त्या उदाहरणाचे गोडवे पुष्कळदा गायिले जातात. त्याचा शेवट कसा झाला याचे स्मरण मात्र क्वचितच ठेवले जाते. आम्हांस तो शेवटच अधिक विचार करण्याजोगा वाटतो.

२४ नोव्हेंबर १९६२ रोजी, शनिवारी रात्री उशिरा, बीबीसीवर ‘दॅट वॉज द वीक दॅट वॉज’ हा कार्यक्रम सुरू झाला. सरत्या आठवड्यातील घडामोडींची प्रहसने, विडंबनगीते आणि तिखट संवाद यांच्या द्वारे झडती घ्यावयाची, असे त्याचे स्वरूप होते. नेड शेरिन हे निर्माते आणि डेव्हिड फ्रॉस्ट हे सूत्रधार. आरंभीचे गीत मिलिसेंट मार्टिन गात. चाल ठरलेली, शब्द मात्र दर आठवड्याला नवे. लान्स पर्सिव्हल वेस्ट इंडीजमधील कॅलिप्सोच्या धर्तीवर ताज्या विषयांवर तिथल्या तिथे कवने रचीत. विली रश्टन तर खुद्द पंतप्रधान हॅरल्ड मॅकमिलन यांचीच नक्कल करीत. हे सर्व थेट प्रक्षेपित होई, आणि तेही जनतेच्या परवाना-शुल्कावर चालणाऱ्या संस्थेकडून!

हा विनोद केवळ चिमटे काढणारा नव्हता. संसदेत निवडून जाऊन वर्षानुवर्षे तोंड न उघडणाऱ्या सदस्यांची नावे एका भागात जाहीरपणे वाचून दाखवण्यात आली, आणि संसदेत एकच गहजब उडाला. तो मजकूर लिहिणारे जेराल्ड कॉफमन १९७० मध्ये स्वतःच संसदेत निवडून आले, हा त्यातील आणखी एक विनोद. दुसऱ्या एका प्रहसनात गृहमंत्री हेन्री ब्रुक यांच्या कारभाराचा पाढा गौरवपर चरित्रकथनाच्या थाटात वाचण्यात आला. परदेशी माणसांना देशाबाहेर घालविण्याचे त्यांचे निर्णय एकामागून एक सांगितले गेले. त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती; नुसती जंत्रीच पुरेशी बोलकी होती.

विडंबनगीताचे सामर्थ्य कशात असते, हेही या कार्यक्रमाने दाखवून दिले. त्या काळी बीबीसीवरच गोरे गायक तोंडाला काळा रंग फासून अमेरिकेच्या दक्षिण भागाची गोड गोड गाणी म्हणत. १९५८ ते १९७८ अशी तब्बल वीस वर्षे तो कार्यक्रम चालला. शेरिन यांच्या मंडळींनी तोच थाट, तसलेच सूर उचलले आणि शब्द घातले ते मिसिसिपीत झाडांना लटकवल्या जाणाऱ्या कृष्णवर्णीयांविषयीचे. चाल ओळखीची असल्यामुळे श्रोत्याचे पाय ठेका धरू लागतात आणि अर्थ ध्यानी येताच जागीच थबकतात. ‘केशवकुमारां’ची १९२५ सालची ‘झेंडूची फुले’ ज्यांनी वाचली आहेत, त्या मराठी रसिकांना हे तंत्र नव्याने सांगावयास नको. मूळ चीज सर्वांच्या ओठी असल्यावाचून विडंबनाला धार येत नाही.

पंतप्रधान मॅकमिलन यांनी काय केले? प्रक्षेपण ज्यांच्या अखत्यारीत होते ते पोस्टमास्टर जनरल रेजिनाल्ड बेव्हिन्स कारवाईची भाषा बोलू लागले, तेव्हा पंतप्रधानांनी त्यांनाच आवरले. लोकांनी दुर्लक्ष करण्यापेक्षा आपल्याला हसलेले बरे, अशी त्यांची भूमिका होती. आपल्याकडेही १९४८ साली ‘शंकर्स वीकली’चा प्रारंभ करताना पंडित नेहरूंनी व्यंगचित्रकार शंकर यांना, आपल्यालाही सोडू नका, असेच बजावले होते. तेच साप्ताहिक आणीबाणीच्या पहिल्याच महिन्यांत, ऑगस्ट १९७५ मध्ये, बंद झाले हेही विसरून चालणार नाही.

गोमंतकीयांना या कथेचे अप्रूप अधिक वाटावे. बीबीसीवर पंतप्रधानांची टिंगल सुरू झाली तेव्हा गोवा मुक्त होऊन पुरते वर्षही लोटले नव्हते. सालाझारशाहीत सेन्सॉरच्या संमतीवाचून वृत्तपत्र तर राहोच, लग्नाची निमंत्रणपत्रिकाही छापता येत नसे. दशावतारातला संकासूर सूत्रधाराशी मनसोक्त हुज्जत घालू शके. पण गव्हर्नर जनरलाविषयी छापील चेष्टेचा एक शब्द काढण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. ज्याला हसता येत नाही अशी सत्ता आम्ही भोगली आहे. म्हणूनच हसू सोसणाऱ्या सत्तेचे मोल आम्ही जाणतो.

आणि तरीही तो ब्रिटिश कार्यक्रम टिकला नाही. १९६३ च्या शरदऋतूत तो लांबू नये म्हणून त्याच्यामागून ‘द थर्ड मॅन’ या जुन्या मालिकेचे भाग लावण्यात आले. फ्रॉस्ट यांनी दर वेळी त्या भागाचे कथानक शेवटासकट आधीच सांगून टाकले. अखेर महासंचालक ह्यू ग्रीन यांना ती मालिकाच हटवावी लागली. ही लढाई विनोदाने जिंकली. पुढच्या वेळी मात्र कारण अधिक सभ्य निघाले. १९६४ हे निवडणुकीचे वर्ष, सबब निःपक्षपातीपणासाठी कार्यक्रम थांबविणे इष्ट, असे बीबीसीनेच ठरविले. २८ डिसेंबर १९६३ रोजी पडदा पडला. त्यापूर्वी जेमतेम महिनाभर, केनेडी यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, याच मंडळींनी सारा विनोद बाजूला ठेवून गंभीर श्रद्धांजली वाहिली होती. कोठे हसावे आणि कोठे हसू नये याचा विवेक त्यांच्यापाशी होता. तो बाहेरून शिकविण्याचे काहीच कारण नव्हते.

येथे आमचा मतभेद आहे. मतदाराला आपल्या प्रतिनिधींची खरी पारख करावयाची असते ती निवडणुकीच्या वर्षी. नेमक्या त्याच वर्षी आरसा झाकून ठेवणे, याला निःपक्षपातीपणा कसे म्हणावे? सरकारने हुकूम काढला नव्हता. पंतप्रधानांनी तर उलट अभय दिले होते. कच खाल्ली ती संस्थेने. परक्या राजवटीतील सेन्सॉर निदान डोळ्यांना दिसत असे. त्याचा अधिकारी कोण, कचेरी कोठे, हे ठाऊक असल्यामुळे त्याच्याशी झुंजता येत असे. जो सेन्सॉर संपादकाच्या, निर्मात्याच्या, नटाच्या मनातच ठाण मांडून बसतो आणि ‘आत्ता नको, वेळ बरी नाही’ असे हळूच सुचवितो, त्याच्याविरुद्ध सत्याग्रह कोठे करावयाचा?

आकाशवाणी, दूरदर्शन, खाजगी वाहिन्या आणि आम्ही वृत्तपत्रे, या सर्वांनीच हा प्रश्न स्वतःला विचारावा. उदार राज्यकर्ता लाभणे हा दैवाचा भाग झाला. संस्थेचा कणा ताठ ठेवणे मात्र आपल्या हाती आहे.