तळ शोधू नका, बिलाची तारीख बघा

बाजार पडू लागला की आपले फोन खणखणतात आणि प्रश्न एकच असतो : ‘अजून किती खाली जाणार?’ ठाम आकडा सांगणारा म्युच्युअल फंड वितरक चार वेळा शहाणा ठरतो आणि पाचव्या वेळी ग्राहक गमावून बसतो. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१,२०६ वर गेला होता, २७ ऑक्टोबरला तो ७,६९७ पर्यंत आला. ही ६४ टक्क्यांची घसरण. ती भरून निघायला १७५ टक्के वाढ लागते, आणि त्यासाठी नोव्हेंबर २०१३ उजाडावा लागला. २०२० मध्ये ४२,२७३ वरून २५,६३८ पर्यंत कोसळलेला हाच निर्देशांक नोव्हेंबरमध्ये पुन्हा जुन्या शिखरापार होता. जपानच्या निक्केईला मात्र १९८९ च्या अखेरचे शिखर ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. ‘बाजार सावरतोच’ हे खरे धरले, तरी तोवर ग्राहकाला तग धरता येईल का, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर मुंबईच्या विश्लेषकाकडे नसते. ते ग्राहकाच्या घरात असते.

कुरुंदवाड परिसरातले घर घ्या. ऑगस्ट २०१९ मध्ये महापुराने कृष्णा-पंचगंगेकाठची गावे वेढली. शेंड्यापर्यंत चढलेले पाणी आठवडाभर हलले नाही की ऊस कुजतो. त्या हंगामाचे उसाचे बिल घटले, त्यातून सोसायटीच्या कर्जाची कपात झाली, हातात उरले ते घरदुरुस्तीत गेले. आणि मार्च २०२० मध्ये, २३ तारखेला, सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंकांनी कोसळला. अशा घराला त्या आठवड्यात ‘युनिट विकू नका’ म्हणणे म्हणजे कोरडा उपदेश. त्याला धीर कमी नव्हता, रोकड कमी होती. तोटा पक्का झाला तो या रोकडटंचाईपायी. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आले.

इथे चूक आपल्या फॉर्ममध्ये आहे. एसआयपीचा हप्ता आपण दरमहा पाच तारखेला लावतो, कारण नोकरदाराचा पगार एक तारखेला होतो. ऊस उत्पादकाचा पैसा तसा येत नाही. कायद्याने एफआरपी, म्हणजे उसाची रास्त व किफायतशीर किंमत, १४ दिवसांत द्यायची असली, तरी ऊस कधी तुटेल ते तोडणीच्या पाळीपत्रकावर ठरते आणि पावसाळ्यात खाते रिकामेच असते. मग हप्ता परत जातो, बँक दंड लावते, सलग तीन महिने असे झाले की एसआयपी बंद पडते. आपण मात्र म्हणतो, ‘शेतकऱ्याला शिस्त नाही.’

अशा ग्राहकासाठी क्रम उलटा हवा. बिल जमा झाले की आधी सोनेतारण आणि हातउसने फेडा. त्यानंतर पूर आणि आजारपणासाठी निदान सहा महिन्यांचा खर्च बचत खात्यात किंवा लिक्विड फंडात ठेवा. त्यातूनही उरले आणि पाच-सात वर्षे लागणार नसेल, तरच इक्विटी. तेही लिक्विड फंडातून एसटीपी लावून हप्त्याहप्त्याने. कर्ज काढून किंवा फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये ‘नुकसान भरून काढू’ म्हणणाऱ्याला सेबीचा अहवाल दाखवा : २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या व्यवहारांतले ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले.

एक गोष्ट आपसात कबूल करायला हवी. ‘एसआयपी थांबवू नका’ हा सल्ला ग्राहकाच्या जितका हिताचा, तितकाच आपल्या ट्रेल कमिशनच्याही हिताचा असतो. म्हणून तो देण्याआधी त्याच्याकडे किती महिन्यांचा खर्च बाजूला आहे, हे विचारले पाहिजे. उत्तर ‘काहीच नाही’ असे आले, तर हप्ता काही महिने स्थगित करून देणे हेच आपले काम. त्याने आपल्या व्यवस्थापनाखालची मालमत्ता काही महिने कमी दिसेल, पण ग्राहक टिकेल.

पुढची मंदी कधी येईल, हे या अंकात सांगितलेले नाही. ज्याला पावसाळ्यातल्या खर्चासाठी युनिट विकावी लागणार नाहीत, त्याच्या दृष्टीने त्या तारखेला फारसे महत्त्वही नाही. आपल्या यादीत असे ग्राहक किती, हे जून संपायच्या आत मोजा.