स्वहस्तें जोडलेली सायकल

वस्तु विकत घेणें आणि वस्तु आपलीशी करणें ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. पैसे मोजले कीं पहिली गोष्ट साधते. दुसरीसाठीं हात, बुद्धि व वेळ हीं तिन्ही खर्चावीं लागतात. हा भेद आमच्या मनांत नव्यानें जागा झाला तो एका सायकलीमुळें. वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील एका मजल्यावर, खोल्यांच्या दोन ओळींमधील सामायिक पॅसेजमध्यें, एका रविवारीं सकाळीं ती पुठ्ठ्याच्या पेटींतून बाहेर निघतांना आम्हीं पाहिली. मोबाइलच्या पडद्यावर निवडून ऑनलाइन मागविलेली ती स्वस्तांतली फिक्स गियर सायकल होती. मुलें तिला लाडानें ‘फिक्सी’ म्हणतात. मालक दहावींतील एक विद्यार्थी. पहांटे घरोघर वर्तमानपत्रें टाकून त्यानें वर्षभर पैसे सांठविले होते, आणि कमी पडलेल्या रकमेची भर रात्रपाळीस जाणाऱ्या त्याच्या वडिलांनीं घातली होती.

दुपारपर्यंत सायकल दोन्ही चाकांवर उभी राहिली. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ खुर्ची टाकून हा सोहळा पहात होते. त्यांची उमेद गिरणींत फिटरचें काम करण्यांत गेलेली. पेटींत डोकावून ते म्हणाले, “अरे, हें काय उरलें आहे?”

“ब्रेक आहेत, काका. फिक्सीला ते लागत नाहींत. नसले म्हणजे सायकल छान दिसते.”

काका क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “बाळ, यंत्र सुरू कसें करावयाचें हें आम्हांला गिरणींत नंतर शिकवीत. बंद कसें करावयाचें, हें आधीं.”

आम्हांस ह्या लेखांत जें सांगावयाचें आहे तें सारें ह्या एका उत्तरांत आलें आहे. तथापि तें नीट पटावें म्हणून थोडा विस्तार केला पाहिजे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतों. मुलानें अशी सायकल घेतली ह्यांत आम्हांस गैर कांहींच दिसत नाहीं. उलट कौतुक वाटतें. बी. डी. डी. म्हणजे बाँबे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. १९२० सालीं निघालेल्या ह्या खात्यानें कामकरी लोकांसाठीं वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथें चाळी उभारल्या. एकट्या वरळींत त्या १२१ होत्या. तळमजला व वर तीन मजले, आणि प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. एवढ्या जागेंत राहणाऱ्या कुटुंबांतील मुलाला हलकी, मडगार्ड-कॅरियर नसलेली, भिंतीस टांगतां येईल अशी सायकल आवडावी हें साहजिकच आहे. शिवाय वरळीला सायकल परकी नाहीं. हिंद सायकल्सचा कारखाना वरळींतच होता. १९८० सालीं कायदा होऊन त्या कंपनीचें राष्ट्रीयीकरण झालें. आज तेथें सायकली तयार होत नाहींत, आणि सायकल दाराशीं येते ती पेटींतून, सुट्या भागांच्या रूपानें.

ही सुट्या भागांची पेटी म्हणजे, आमच्या मतें, एक लहानशी शाळाच आहे. पुढील चाक, हँडल, सीट, पेडलें व ब्रेक हे भाग बहुधा आपणच बसवावयाचे असतात. उजवें पेडल घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें घट्ट होतें, डावें त्याच्या उलट. कारण दोहोंचे आटे एकाच दिशेचे असते तर पाय मारतां मारतां डावें पेडल आपोआप सैल होत गेलें असतें. घाईनें बळ लावणारा मुलगा हे आटे कायमचे बिघडवितो, आणि ‘आधीं पहावें, मग पान्हा लावावा’ हा धडा त्याला पुन्हां शिकवावा लागत नाहीं. फोर्कचा बांक पुढच्या बाजूस असावा लागतो. फोर्क उलटा बसला तर वळतांना पुढील चाक पायास लागतें. सीटच्या नळीवर एक खूण कोरलेली असते. ती खूण बाहेर दिसूं लागली तर नळी पुरेशी आंत गेलेली नाहीं असें समजावें. हें सारें स्वतःच्या हातांनीं करून पाहणारा मुलगा रस्त्यांत सायकल बिघडली असतां हताश होऊन बसत नाहीं.

आतां ‘फिक्स गियर’ म्हणजे काय तें पाहूं. आपल्या नेहमींच्या सायकलीच्या मागील चाकांत फ्रीव्हील असतें. त्यामुळें पाय थांबले तरी चाक फिरत राहतें. फिक्स गियर सायकलींत ही सवड नाहीं. मागील दांतेरी चकती चाकाशीं पक्की जखडलेली असते. चाक फिरेल तोंवर पेडलें फिरणारच. सायकलीच्या बाल्यावस्थेंत सर्वच सायकली अशा असत. फ्रीव्हीलचा प्रसार एकोणिसाव्या शतकाच्या अगदीं अखेरीस झाला. शर्यतीच्या गोल धांवपट्टीवर आजहि हीच सायकल चालते व तिला ब्रेक नसतात. तेथें सर्वजण एकाच दिशेनें जातात, आणि एकानें एकाएकीं ब्रेक दाबला तर मागचे दहाजण त्याच्यावर आदळतील. परंतु वरळी नाक्यावर सर्वजण एकाच दिशेनें जातात, असें म्हणण्याचें धाडस कोण करील?

तरुण मंडळी ह्यावर म्हणतात, “पायांनीं पेडल उलट दाबलें कीं सायकल थांबते, मग ब्रेक कशाला?” हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. पायांच्या दाबानें वेग खरोखरच कमी होतो, आणि सराव झालेला स्वार मागील चाक जागच्या जागीं रोखूंहि शकतो. परंतु हा रोध फक्त मागील चाकावर पडतो. वेग एकदम कमी होतांना स्वाराचा भार पुढें झुकतो, मागील चाक हलकें होतें व घसरूं लागतें. म्हणून केवळ मागील चाकानें थांबावयास जें अंतर लागतें, त्याच्या सुमारें निम्म्यांत पुढील चांगला ब्रेक सायकल थांबवितो. पावसाळ्यांत ओल्या रस्त्यावर तर दोन्ही अंतरें वाढतात. दुसरें असें कीं पायांचा सारा जोर चाकापर्यंत पोहोंचतो तो एका साखळीमधून. साखळी निसटली कीं पाय कितीहि बळकट असोत, ते हवेंत फिरतात.

विद्यार्थ्यांनीं एक लहानसें गणित करून पहावें. पुढें ४६ व मागें १६ दांते असले तर पेडलाच्या एका फेऱ्यांत चाक सुमारें २.९ वेळां फिरतें. चाकाचा घेर सुमारें २.१ मीटर धरला तर सायकल एका फेऱ्यांत जवळजवळ ६ मीटर पुढें जाते. मिनिटास ६० फेरे, म्हणजे सेकंदास एक, हा कांहीं फार मोठा वेग नव्हे. तो ताशीं २१-२२ किलोमीटर भरतो. आतां चाळींतील १६० चौरस फुटांची खोली १० फूट रुंद धरली तर तिची लांबी १६ फूट, म्हणजे ५ मीटरांहूनहि कमी. समोर मूल धांवत आलें हें डोळ्यांनीं पाहून पायांना कळवीपर्यंत जो एक सेकंद जातो, तेवढ्यांत सायकलीनें अख्खी खोली ओलांडलेली असते.

आमच्या त्या मित्रानें काकांचें म्हणणें प्रथम मानलें नाहीं. आठवड्याभरानें जांबोरी मैदानाच्या बाजूनें येत असतां एक आजी भाजीची पिशवी घेऊन आडव्या आल्या. त्यानें पाय उलट दाबले. परंतु नवी साखळी ताणून सैल झाली होती, ती त्याच झटक्यासरशी उतरली. त्यानें हँडल भिंतीकडे वळविलें. कोपर सोललें, पुढील चाक वांकडें झालें, टोमॅटो रस्ताभर पसरले. आजींस मात्र इजा झाली नाहीं. संध्याकाळीं तो पान्हा घेऊन काकांच्या दाराशीं उभा राहिला, तेव्हां त्यांनीं दोष दिला नाहीं. पेटींतले ब्रेक त्यांनीं जपून ठेवले होते, ते बाहेर काढले.

सर्वांचेंच दैव इतकें बलवत्तर नसतें. २०१६ सालीं लंडन शहरांत, पुढचा ब्रेक नसलेल्या फिक्स गियर सायकलीची धडक बसून रस्ता ओलांडणारी एक स्त्री मृत्यु पावली. २०१७ सालीं त्या तरुण स्वारास १८ महिन्यांची शिक्षा झाली. ब्रिटनमध्यें १९८३ च्या नियमांप्रमाणें फिक्स गियर सायकलीलाहि पुढचा ब्रेक आवश्यकच आहे. दक्षिण कोरियांत शाळकरी मुलांमध्यें ब्रेक काढण्याचें वेड इतकें वाढलें कीं, एका विद्यार्थ्याच्या मृत्यूनंतर २०२५ सालीं पोलिसांस मोहीम हातीं घ्यावी लागली. दोष वारंवार घडल्यास पालकांसहि जबाबदार धरण्याचा इशारा त्यांनीं दिला. आपल्या येथें पोलिसांची वाट कां पहावी?

आणखी एक धोका घरांतलाच आहे, व त्याची वाच्यता फारशी होत नाहीं. ही सायकल उलटी ठेवून, चाक फिरवीत साखळी पुसूं लागलें आणि बोट साखळी व चकती यांच्यामध्यें गेलें, तर फिरत्या चाकाच्या जोरानें तें आंत ओढलें जातें. फ्रीव्हील नसल्यामुळें साखळी मध्येंच थांबत नाहीं. बोटें तुटल्याचीं उदाहरणें आहेत. ज्या पॅसेजमध्यें लहान भावंडें खेळतात तेथें हें काम चाक स्थिर ठेवूनच करावें. मोकळी लेस आणि सैल पायघोळ यांसहि हाच नियम.

आतां सायकल सजविण्याविषयीं. आपल्या सायकलीस आपली अशी कांहीं खूण असावी, ही इच्छा आम्हांस मान्य आहे. परंतु तिचा क्रम चुकूं नये. अगोदर पुढचा ब्रेक, व त्याचे रबर टायरला न लागतां रिमलाच लागतात कीं नाहीं तें पाहणें. नंतर साखळीचा ताण: मध्यभागीं बोटानें दाबली असतां ती सुमारें एक सेंटिमीटर हलावी, अधिक नको. नंतर घंटी, मागील लाल परावर्तक व रात्रीचा दिवा. चाकाचा आऊट काढावयाचा असेल तर तो नाक्यावरच्या मिस्त्रीकडून काढवून घ्यावा, व तो कसा काढतो तें शेजारीं उभें राहून पहावें. हें झाल्यावर हँडलाची पट्टी, टायरचा रंग व नांवाचीं अक्षरें खुशाल आवडीप्रमाणें करावीं. अनेक सायकलींच्या मागील चाकास एका बाजूस फिक्स चकती व दुसऱ्या बाजूस फ्रीव्हील असतें. चाक उलटें करून फ्रीव्हील वापरावयाचें झालें तर दोन्ही ब्रेक हवेतच, कारण मग पायांचाहि रोध उरत नाहीं.

मुंबईच्या डबेवाल्यांची सायकल पहा. रंग उडालेला असतो, पण हँडलाला व कॅरियरला डबे अडकविण्याची सोय असते. तिच्यांतील प्रत्येक बदल कामासाठीं झालेला असतो. ब्रेक काढून ती देखणी करावी, हें कोणाच्या स्वप्नांतहि येत नाहीं. शोभा आणि उपयोग यांचें नातें आमच्या तरुण मित्रांनीं तेथें शिकावें.

शेवटीं पालकांस एक विनंति. १४ ऑगस्ट २०२५ रोजीं वरळीच्या पुनर्विकासांतील पहिल्या ५५६ कुटुंबांस ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. तीन पिढ्या १६० फुटांत काढलेल्यांचें हें सुख पाहून आम्हांस मनापासून आनंद होतो. परंतु नव्या घराचें दार बंद होतें. मुलाच्या पेटींत काय उरलें आहे, हें येतां जातां पाहणारे काका तेथें आपणहून येतीलच असें नाहीं. म्हणून तें काम आतां तुम्हीं करावें. केवळ ‘नको’ म्हणून सायकल बंद करूं नये. रविवारचे दोन तास काढून मुलाशेजारीं बसावें, एक पान्हा आपल्या हातीं घ्यावा, आणि काम संपल्यावर पेटी उलटी करून पहावी.

आणि विद्यार्थिमित्रहो, ज्यानें सायकल स्वहस्तें जोडली त्यास ‘दुकानदारानें नीट बसविली नाहीं’ असें म्हणण्याची सवड राहत नाहीं. तिच्या प्रत्येक नटाचा जाब तुमच्याकडे आहे. आणि तो जाब मागण्याचा हक्क भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या त्या अनोळखी आजींना आहे. त्यांच्यापुढें निःशंक मनानें उभें राहतां येईल अशी सायकल जोडा. मग ती हवी तितकी पिटाळा.