ब्रोकरला लॉगिन द्यायचं का?

गेल्या शनिवारी वज्रेश्वरीला निघालो होतो. भिवंडी-वाडा रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल काही बोलत नाही, सगळं बोलून झालंय. अंबाडी नाक्यावर चहाला थांबलो आणि मित्राने विषय काढला.

हा माझा कॉलेजचा मित्र. आता कंपन्यांमध्ये जाऊन कामगारांची, ड्रायव्हर लोकांची नशेची तपासणी करून देतो. भिवंडी पट्ट्यात गोदामं किती आहेत ते सांगायला नको, तुम्ही ऑनलाइन मागवलेली खोकी तिथूनच येतात. फोर्कलिफ्ट, ट्रक, रात्रपाळी... काम भरपूर. पण गोदामाच्या मालकापर्यंत पोचायचं कसं? तर इन्शुरन्स ब्रोकरमार्फत.

"मालक लोक ब्रोकरचं ऐकतात रे. त्याला दर टेस्टमागे कमिशन देईन. तू फक्त पोर्टल बनवून दे." आणि ब्रोकरला लॉगिन हवं, त्याने आणलेल्या कंपन्यांचे रिपोर्ट त्याला दिसले पाहिजेत.

आयडिया वेडगळ नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात प्रमाणित नशामुक्त कंपनीला कामगार विम्याच्या हप्त्यात 7.5 टक्के सूट मिळते, फ्लोरिडात 5 टक्के. तिथे ब्रोकरने टेस्ट सुचवली की गिऱ्हाइकाचे पैसे सरळ वाचतात.

आपल्याकडे पैसे दुसऱ्याच जागी वाचतात. 1923च्या नुकसानभरपाई कायद्यात होतं आणि नोव्हेंबर 2025मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे: अपघात थेट दारू किंवा नशेमुळे झाला आणि त्यात मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं नाही, तर मालकावर भरपाईची जबाबदारी नाही. म्हणजे हात मोडलेल्या माणसाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर मालक आणि विमा कंपनी दोघंही सुटायला बघणार.

आणि तो रिपोर्ट सांगतो काय? गांजाचा अंश लघवीत कित्येक दिवस राहतो, रोज ओढणाऱ्याच्या बाबतीत काही आठवडे. रविवारी ओढलेला बुधवारी सापडतो. 'कधीतरी घेतलाय' एवढंच कळतं, 'अपघाताच्या वेळी नशेत होता' हे नाही. डॉक्टरने दिलेलं कोडीनवालं खोकल्याचं औषधही पॉझिटिव्ह येऊ शकतं. आणि खसखस! दिवाळीत अनारसे हाणणाऱ्यांनी नोंद घ्यावी :) अमेरिकी सरकारने 1998मध्ये अफूवर्गीय टेस्टची मर्यादा 300 वरून 2000 नॅनोग्रॅम केली, त्याला खसखस हे मोठं कारण होतं. म्हणून पट्टीवरची पहिली टेस्ट म्हणजे फक्त संशय. मग लॅबमध्ये खात्रीची टेस्ट, मग औषधांबद्दल विचारणारा डॉक्टर. आपल्या डीजीसीएने 31 जानेवारी 2022पासून वैमानिकांसाठी नशेच्या टेस्ट आणल्या, तिथेही खात्रीची टेस्ट आहेच. वैमानिकाला जे मिळतं ते फोर्कलिफ्टवाल्याला का नाही?

शेजारच्या बाकावर एक ट्रक ड्रायव्हर चहात पाव बुडवून खात होता. आमच्या पोर्टलमध्ये तो म्हणजे एक रो. त्याला लॉगिनच नव्हतं.

नियमाप्रमाणे ब्रोकर हा विमा घेणाऱ्याचा माणूस, दलाली मात्र विमा कंपनीकडून येते. आधीच दोन दगडांवर पाय. त्यात टेस्टमागे कमिशन मिळालं की तो गरज नसलेल्या टेस्टही सुचवणार, आणि उद्या क्लेमची कागदपत्रं हाताळताना कामगाराचा रिपोर्ट त्याच्या स्क्रीनवर.

मी मित्राला म्हटलं, ओळख करून दिल्याचे एकदाच ठरलेले पैसे दे, तेही मालकाला सांगून. रिपोर्ट आधी डॉक्टर आणि कामगार बघतील. ब्रोकरला काही दिसणार नाही.

"मग तो कशाला येईल?"

प्रश्न बरोबर आहे. माझं म्हणणं, अपघात कमी झाले तर क्लेम कमी, आणि रिन्यूअलच्या वेळी विमा कंपनीपुढे ब्रोकरचीच बाजू भक्कम. मित्राला हे फार लांबचं वाटतं. महिन्याचा पगार त्याला द्यायचाय, मला नाही, हेही खरं.

असो. रविवारी बसून स्कीमा केला. ब्रोकर आयडी कंपनीच्या टेबलात आहे, रिपोर्टच्या टेबलाला जोडलेला नाही. मित्राला अजून दाखवलेला नाही.