वीस गुणांचा प्रसाद

पालकहो,

दहावीच्या इंग्रजीत तुमच्या मुलाला अंतर्गत मूल्यमापनाचे 20 पैकी 18 गुण पडले असतील, तर त्याला घरी एकदा विचारा: तुझी तोंडी परीक्षा झाली कधी? बहुतेक तो हसेल. आम्ही हसू शकत नाही, कारण ते गुण आम्हीच भरलेत.

2019 साली भाषांचे हे 20 गुण राज्य शिक्षण मंडळाने काढून घेतले. त्या वर्षी दहावीचा निकाल 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर घसरला. ओरड झाली, आणि पुढच्या तुकडीसाठी गुण त्याच वर्षी परत आले. भांडण टक्क्यांचं होतं. पोरं बोलतात का, हे बाजूलाच राहिलं.

आता 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ‘क्षमताधिष्ठित’ शिक्षणाची दवंडी पिटली जाते आहे. शब्द जुनाच. 1991 मध्ये केंद्र सरकारच्या दवे समितीने ‘किमान अध्ययन क्षमता’ सांगितल्या होत्या. आम्ही तक्ते भरले. पुढे प्रश्नपत्रिकेची ‘कृतिपत्रिका’ झाली. गाईडवाल्यांनी कृतींचीही तयार उत्तरं छापली.

वर्गात साठ मुलं, तास पस्तीस मिनिटांचा. प्रत्येकजण अर्धं मिनिट बोलला, तरी हजेरी धरून तास संपतो. मग धडा वाचायचा, मराठीत अर्थ सांगायचा, उत्तरं फळ्यावर. आमच्यातले बरेच जण असेच शिकलो, आणि इंग्रजीत सलग बोलायची वेळ आली की आम्हीही घामाघूम होतो. प्रशिक्षणात आम्हाला कुणी बोलायला लावत नाही. सही करायची, चहा घ्यायचा, पडद्यावरचं वाचून घरी. उरलेल्या वेळात मतदारयाद्यांचं काम आहेच.

क्षमताधिष्ठित शिक्षणाला आमचा विरोध नाही. औषधाच्या बाटलीवरची सूचना समजणं, नोकरीच्या मुलाखतीत चार वाक्यं धड बोलणं, हे मुलांना यायलाच हवं. पण त्यासाठी विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाला पाडतात तसे इंग्रजीलाही तुकडीचे गट पाडा. बारावीच्या प्रात्यक्षिकाला बाहेरचा परीक्षक येतो, तसा दहावीच्या तोंडीलाही येऊ द्या. (त्याचा पाहुणचार करून गुण मिळवतात, ठाऊक आहे. निदान मुलाला तोंड तरी उघडावं लागेल.)

येत्या पालकसभेत आम्हाला सर्वांदेखत विचारा: माझी मुलगी या महिन्यात वर्गात इंग्रजीतून किती वेळा बोलली? आम्ही अडखळलो, तर तसेच उठून शिक्षणाधिकाऱ्यांकडे चला. आम्हीही येतो.

– दहावीला इंग्रजी शिकवणारे काही शिक्षक