बियाणे सादळू नये म्हणून

जबलपूर जिल्ह्यातील पाटन हा हिरव्या वाटाण्याचा परिसर. तेथे फेब्रुवारी-मार्चमध्ये काढलेले वाटाण्याचे बी पुढील पेरणीपर्यंत उन्हाळा आणि संपूर्ण पावसाळा ओलांडते. या सहा-सात महिन्यांत उगवणशक्ती घटली, तर हंगामाचे नुकसान पेरणीआधीच ठरलेले असते. तरीही साठवणुकीचा विषय निघाला की आपली चर्चा भुंगेरा आणि धुरीपाशीच थांबते. कीटकशास्त्राचा अभ्यासक असूनही मला ही चर्चा अपुरी वाटते.

कुरकुरीत पापड पावसाळी हवेत सादळतो, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. शास्त्रात याच घटनेला काच-संक्रमण म्हणतात. सुकलेल्या बियांच्या पेशींतील शर्करा व प्रथिने काचेसारख्या घट्ट अवस्थेत असतात. रेणूंची हालचाल जवळजवळ थांबलेली असल्याने बी अत्यंत सावकाश जुने होते. ज्या तापमानाच्या वर ही काच मऊ पडते, ते काच-संक्रमण तापमान. कोरड्या साखरेचे हे तापमान सुमारे ६५ अंश सेल्सिअस, तर पाण्याचे सुमारे उणे १३७ अंश आहे. त्यामुळे बियांत थोडे पाणी शिरले तरी ते तापमान झपाट्याने खाली येते. मग गोदामातील नेहमीच्या उष्णतेतही आतील काच वितळते आणि ऱ्हासाला वेग येतो.

यावर उपाय दोनच : बी थंड ठेवणे किंवा कोरडे ठेवणे. शीतगृह प्रत्येकाला परवडत नाही; वाळवणे सर्वांच्या आवाक्यातले आहे. ५ ते १४ टक्के ओलाव्याच्या मर्यादेत ओलावा एक टक्क्याने घटला की बियांचे आयुष्य साधारण दुप्पट होते, हा हॅरिंग्टन यांचा ठोकताळा प्रसिद्ध आहे. बीज प्रमाणीकरणाच्या मानकांनुसार वाटाण्याच्या बियांत ओलावा ९ टक्क्यांपेक्षा अधिक नसावा आणि हवाबंद साठवणुकीत तो ८ टक्क्यांवर जाऊ नये.

धुरीने भुंगेरा मरतो. सादळलेले बी मात्र पुन्हा तरुण होत नाही. उलट, केवळ वाळवण्याने भुंगेऱ्याचा पूर्ण बंदोबस्त होत नाही, कारण त्याची अळी दाण्याच्या आतच वाढते आणि तिच्या श्वसनातून उष्णता व पाणी बाहेर पडते. म्हणून वाळवणे आणि हवाबंद करणे ही जोडी हवी. दोन प्लास्टिक अस्तरांची तिहेरी पिशवी बंद केल्यावर आतील प्राणवायू घटतो आणि किडीची वाढ खुंटते. मात्र ओलसर बी अशा पिशवीत बंद करणे घातक आहे. आत कोंडलेला ओलावा बाहेर पडत नाही व उगवणशक्ती लवकर जाते.

दाताखाली दाणा चावून ९ आणि १२ टक्क्यांतला फरक कळत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, विस्तार कार्यकर्त्यांनी औषधाच्या शिफारशीआधी ओलावा मोजण्याची शिफारस करावी आणि प्रत्येक शेतकरी गटाकडे एक ओलावामापक असावा. बी पातळ थरात, दुपारचे प्रखर ऊन टाळून वाळवावे आणि थंड झाल्यावरच भरावे. सासवड-पुरंदरच्या वाटाण्यालाही हाच नियम लागू आहे. औषध किडीला थोपवील. बियांतील जीव मात्र कोरडेपणाच राखील.