ऋतिकवाली नाही, त्याच्या आधीची

मंडळी, बुधवारी हापिसात जेवताना विषय निघाला, "तुझी टीम कोणती?" टेबलावर सहा जण. दोघं आर्सेनल, तिघं मँचेस्टर युनायटेड (हे तिघं हल्ली विषय पटकन बदलतात). मी म्हटलं, "पुणे एफसी."

"कुठली, ती ऋतिक रोशनवाली?"

"नाही रे, त्याच्या आधीची."

"म्हणजे बंद पडलेल्या हॉटेलचं गिऱ्हाईक की!"

सगळे हसले, मीही हसलो. पण वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून आज विकांताला हा प्रपंच.

पुणे एफसी २००७ मध्ये सुरू झाली तेव्हा मी दहा वर्षांचा. आम्ही बाणेरला राहायचो, त्यामुळे बालेवाडीचं स्टेडियम म्हणजे घरचंच मैदान. बाबा पक्के क्रिकेटवाले. पहिल्या मॅचला ते पेपर घेऊन आले होते आणि हाफटाइमपर्यंत त्यांनी अग्रलेखसुद्धा वाचून काढला. चौथ्या का पाचव्या मॅचला पेपर सीटवर घडी घालून पडलेला आणि बाबा उभे राहून रेफ्रीला अस्सल सदाशिवपेठी शब्दांत समज देतायत! एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये माणसं तुरळक, त्यामुळे बाबांचं बोलणं रेफ्रीला ऐकू जातही असेल. आम्हाला तर मैदानावरचं सगळं ऐकू यायचं. कोच डेरिक परेरा गोव्याचे, बरेचसे खेळाडूही तिकडचे, त्यामुळे फुकटात थोडी कोंकणी शिकलो. ती चारचौघांत वापरण्यासारखी नाही हा भाग वेगळा.

आणि टीम भारी होती हो. २००९ मध्ये आय-लीगमध्ये आली आणि पहिल्याच मोसमात तिसरी. २०१२-१३ ला चर्चिल ब्रदर्सच्या मागे थेट दुसरी. दक्षिण सुदानचा जेम्स मोगा तेव्हा आमच्याकडे होता. ईस्ट बंगाल, मोहन बागान आमच्या खाली! कोलकात्यात यावर चर्चा झाली असती. आमच्या वर्गात फक्त मला माहीत होतं.

लोकांना वाटतं जुन्या सपोर्टरला कप हवा असतो. छोट्या क्लबच्या माणसाला कपाची सवयच नसते. त्याची अपेक्षा एवढीच, की पुढच्या रविवारी मॅच असावी. आमची तीही पुरी झाली नाही. २०१४ मध्ये आयएसएल आली, त्यात एफसी पुणे सिटी नावाची दुसरी टीम. २०१५ मध्ये पुणे एफसीने गाशा गुंडाळला, तिची अकादमी या नव्या टीमने घेतली. २०१९ मध्ये नवी टीमही गेली आणि लीगमधली ती जागा हैदराबादला मिळाली. २०२५ मध्ये हैदराबादची टीमही दिल्लीला हलली. सरकारी साहेबांच्या बदल्या बऱ्या, निदान निरोप समारंभ तरी होतो.

आता इथे मला विम्बल्डन आठवतं. टेनिसवालं नाही. १९८८ मध्ये लिव्हरपूलला १-० हरवून एफए कप जिंकणारा दक्षिण लंडनचा छोटा क्लब. २००२ मध्ये त्यांच्या मालकांना क्लब मिल्टन कीन्सला, म्हणजे जवळजवळ नव्वद किलोमीटर लांब, न्यायची परवानगी मिळाली. सपोर्टर काय करतात? काही आठवड्यांत नवा क्लब काढतात, एएफसी विम्बल्डन. खेळाडू निवडायला विम्बल्डन कॉमनच्या मोकळ्या मैदानावर चाचणी, आणि सुरुवात कॉम्बाइंड काउंटीज नावाच्या गल्लीतल्या लीगपासून. नऊ मोसमांत पाच बढत्या घेऊन २०११ मध्ये परत फुटबॉल लीगमध्ये. २०२० मध्ये प्लाउ लेनवर, जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, स्वतःचं स्टेडियम. मालक कोण? सपोर्टरांचा ट्रस्ट.

मग आम्ही का नाही? एक कारण मी नेहमी पुढे करतो आणि ते खोटं नाही: २०१५ मध्ये आपल्याकडे तळातून वरपर्यंत जाणारी शिडीच नव्हती. आय-लीग जिंकून आयएसएलमध्ये जाता आलं ते २०२३ मध्ये, पंजाब एफसीला.

पण खरं सांगू? आम्ही त्या क्लबमध्ये काही घातलंच नव्हतं. तिकीट काढल्याचं मला आठवत नाही, पास कुठून तरी यायचा. वर्गणी नाही, सभासदत्व नाही, कुणाला चार प्रश्न विचारलेत असं नाही. गल्लीतल्या गणपतीची पावती फाडताना आपण मांडवाच्या उंचीवरून भांडतो, कारण एकशे एक रुपये आपले असतात. क्लबचं सगळं मालकांचं होतं, आणि त्यांनी आपलं आवरून घेतलं तर त्यांना मी कुठल्या तोंडाने बोलणार? बातमी आली तेव्हा माझं बारावी-जेईई नुकतंच आटपलं होतं. पेपरात वाचलं, "अरेरे" म्हटलं, आणि ऑगस्ट उजाडताच टीव्हीसमोर बसून आर्सेनलची मॅच बघितली. तेव्हा बुधवारी जेवायच्या टेबलावर मी जरा जास्तच शूरपणा केला. असो.

हॉटेलबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे. पुण्यात बंद पडलेल्या इराण्याच्या बनमस्क्याची चव सांगणारी माणसं पैशाला पासरी आहेत, त्यांना कुणी हसत नाही. मग रिकाम्या स्टेडियममध्ये ऐकलेल्या कोंकणी शिव्यांना का हसावं?

पुण्याची जिल्हा लीग एसएसपीएमएसच्या मैदानावर होते, हे मला इतकी वर्षं माहीत होतं आणि मी एकदाही गेलेलो नाही. काल बाबांना विचारलं, पुढच्या रविवारी येता का? टीम कुठली ते तिथे जाऊन ठरवू. आणि काही झालं तरी या वेळी वर्गणीचं विचारायचं.

बाबा म्हणाले, "येतो. पेपर बरोबर घेतो."