वर्गाचे दार उघडा

शाळेत शिकवू इच्छिणाऱ्याला आपण आधी प्रशिक्षण घ्यायला लावतो. त्याने सराव पाठ घ्यायचे, मागच्या बाकावरील सहाध्यायांनी निरीक्षणवहीत टिपणे करायची आणि मग त्यांवर चर्चा व्हायची, असा तिथला नेम आहे. विद्यापीठात एम.ए.च्या वर्गावर जाणाऱ्याला असे काहीच करावे लागत नाही. नेटच्या पहिल्या पेपरातले अध्यापनाविषयीचे पर्यायी प्रश्न सोडवले की झाले. पुढे सेवेच्या तीस वर्षांत त्याच्या वर्गात दुसरा अध्यापक सहसा फिरकत नाही. याला आपण अध्यापकाचे स्वातंत्र्य म्हणतो. आम्हांला ती निव्वळ सोय वाटते.

आमचाच अनुभव सांगतो. बडोदे काय, इंदूर काय, मराठी विषय घेणाऱ्या अनेकांचे शिक्षण गुजराती, हिंदी किंवा इंग्रजीतून झालेले असते. त्यांना घरातली मराठी येते. आमची ग्रंथभाषा येत नाही. ‘आशयघनता’, ‘सौंदर्यतत्त्व’ असे शब्द आम्ही उच्चारत गेलो, मुले मान खाली घालून उतरवून घेत राहिली, आणि विषय समजला असे आम्ही धरून चाललो. शिकवण्यात गुंतलेल्याला ही फसगत दिसत नाही. मागे बसलेल्या सहकाऱ्याला ती लवकर दिसते. तो इतिहासाचा असला तरी चालेल. किंबहुना विषय न जाणणाऱ्याचे लक्ष विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यांकडे अधिक जाते.

यात अनुभवी प्राध्यापकाचा अपमान होतो, असे म्हणणारे आहेत. हेच प्राध्यापक आपले शोधनिबंध परीक्षकांकडे पाठवतात आणि सुचवलेल्या दुरुस्त्या निमूटपणे करतात. निबंधाला जे चालते ते व्याख्यानाला का चालू नये?

दुसरी शंका मात्र रास्त आहे. पाहणीचा कागद उद्या वरिष्ठांच्या टेबलावर गेला तर? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने अध्यापकाच्या कामाला गुण लावले, आणि चर्चासत्रांच्या प्रमाणपत्रांचे कसे पीक आले ते आपण पाहिले. म्हणून आमचा आग्रह आहे की या पाहणीला गुण नसावेत, तिची नोंद कोणत्याही फायलीत नसावी आणि बढतीशी तिचा संबंध नसावा. काय पाहायचे ते शिकवणाऱ्याने आधी सांगावे. तासानंतर दोघांनी चहाला बसून बोलावे, टिपण शिकवणाऱ्याच्याच हाती द्यावे आणि पुढच्या आठवड्यात जागा बदलाव्यात. जपानच्या शाळांत ‘जुग्यो केंक्यू’ या नावाने हे दीर्घकाळ चालत आले आहे. तिथे शिक्षक मिळून पाठ आखतात, एक शिकवतो, बाकीचे पाहतात आणि मग त्या पाठाची चिकित्सा होते.

मराठीच्या वर्गांचा पट घटला की आपण इंग्रजीला आणि सरकारला बोल लावतो. जी चार मुले वर्गात येतात, त्यांना आपले बोलणे कळते का, हे तपासायला कोणत्याही सरकारची परवानगी लागत नाही. आपल्या वाचकांच्या अनेक घरांत एखादा तरी अध्यापक आहे. त्याने येत्या सत्रात शेजारच्या विभागातील एका सहकाऱ्याला आपल्या तासाला बोलवावे, एवढेच आमचे मागणे आहे.